टिटवीला हळदीचं आमंत्रण

चार लूमवाले जमले की कापडापेक्षा किस्से जास्त निघतात. आमचे तर आता लूमचेही राहिले नाहीत, पक्ष्यांचे झालेत!

खारबावला खाडीकाठी बाळूशेठची जमीन आहे. तिथं नुसता कचरा पडायचा. धामणकर नाक्यावरच्या आम्ही काही लूमवाल्यांनी सुट्टीसुट्टीला तो उपसला, झाडं लावली, फिरायला पायवाट काढली. शेठनी आधीच बजावलं होतं, "गोदामाला जमीन घेणारी पार्टी येईस्तवर फिरा." त्यामुळं आमचा जीव कायम टांगणीला.

*

सुरुवातीला एक पक्षी दिसेना. दिसणार कसा? लूमच्या खडखडाटात जन्म गेलेला, आमची कुजबुज पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते! शेवटी लूम दुरुस्त करणारे आमचे जॉबर रफीकभाई म्हणाले, "ज़बान बंद, शेड के इशारे चालू." शेडमध्ये आम्ही हातांनीच बोलतो. दोन्ही हातांची फुली म्हणजे लूम बंद. पायवाटेवर तिचा अर्थ झाला, जागेवर थांबा. त्याच दिवशी खंड्या दिसला.

*

एकदा धामण आडवी आली. रफीकभाईंनी फुली केली, सगळे थांबले. धामण निवांत निघून गेली तरी त्यांचे हात खाली येईनात. म्हटलं, गेली की! तर म्हणाले, "वो गई. मेरे पैर नहीं जा रहे."

*

शेठच्या लेकीचं लग्न ठरलं. गावभर आमंत्रणं झाल्यावर शेठच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, आमच्या पायवाटेवरही अक्षता ठेवल्या. का, तर पाखरं म्हणजे शेजारी. शेठ म्हणाले, "येडी हाय ही."

*

हळदीचा मांडव पायवाटेजवळच घातला होता. संध्याकाळी डीजे असा दणाणत होता की आमचा आवाजही आम्हाला ऐकू येईना. गोदामाची पार्टी आली आणि पायवाटेशेजारच्या खडीवर गाडी मागं घेऊ लागली. चाकामागेच टिटवी अंड्यांवर बसलेली! रफीकभाई ओरडले, कुणाला कळलं नाही. मग त्यांनी दोन्ही हातांची फुली केली.

मांडवाच्या दारात शेठ उभे होते. पूर्वी त्यांचेही लूम होते. फुली दिसताच त्यांनी धावत जाऊन गाडीवर हात आपटला. गाडी थांबली. शेठनी डीजे बंद करायला लावला आणि वाकून पाहिलं.

पार्टी म्हणाली, "शेठ, भराव टाकला की ती उडून जाईलच."

शेठनी वहिनींकडं पाहिलं. म्हणाले, "आमंत्रण देऊन बोलावलेल्याला आमच्यात उठवत न्हाईत."

डीजेचं तोंड गावाकडं फिरवून तो पुन्हा सुरू केला. पार्टीनं शेठच्या कानाशी ओरडून विचारलं, मग भराव कधी टाकायचा?

शेठनी दोन्ही हातांची फुली केली.

आम्ही नाचायला धावलो.