तीन मिनारांचा बादशहा

हडपसरला बसून साऱ्या जगाला अक्कल शिकवणारी माणसं पुष्कळ आहेत. पण खुद्द आग्र्याला नापास करणारा एकच निघाला, आणि तो नेमका माझा शेजारी. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात. ह्यांनी सासवड रस्त्याला लागून असलेल्या आपल्या घरासमोर ताजमहाल बांधला. जुनी पाण्याची टाकी कापून घुमट, बोअरचे पाइप उभे करून मिनार, आणि वरून अख्ख्या हडपसरच्या बाथरूममधून उरलेल्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. उंची माझ्या खांद्याइतकी, पण उन्हात असा चमकायचा, की खडकवासल्याच्या धरणावरची माणसं डोळे चोळायची. तेव्हापासून आम्ही त्यांना बादशहा म्हणू लागलो.

बादशहांनी ताज बांधला तो मिठाईच्या दुकानातल्या कॅलेंडरवरून. तो फोटो काढलेला कोपऱ्यातून, त्यामुळे एक मिनार घुमटामागे दडलेला. म्हणून आमच्या ताजला मिनार तीन. मी एकदा भीतभीत म्हटलं, "काका, चार असतात."

"तू गेलायस आग्र्याला?"

"नाही."

"मग? मी निदान फोटो तरी बघितलाय."

शनिवार-रविवारी हिंजवडीची जोडपी वाकडी वाट करून सेल्फी काढायला यायची. त्यांना बादशहा गेटातूनच झापायचे, "पाठ कसली दाखवताय? ताज तिकडे आहे!" मग व्याख्यान. "आग्र्याला हजारो माणसं राबली. इथे मी एकटा आणि एक थापी. थोर कोण, ते घरी जाऊन ठरवा."

ह्या थोरपणात भरडल्या गेल्या त्या त्यांच्या बायको, आमच्या काकू. लग्नापासून त्यांची एकच हौस, खरा ताजमहाल बघायचा. दर दिवाळीला म्हणायच्या, "अहो, गुडघे चालतायत तोवर जाऊन येऊ या."

"दारात अस्सल असताना नक्कल बघायला एवढ्या लांब?"

काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "त्या बाईला मेल्यावर का होईना, संगमरवर मिळाला. मी जिवंतपणी टाकीकडे बघतेय."

मग रस्तारुंदी आली. मोजणीवाल्यांची लाल खूण नेमकी ताजच्या पलीकडे, घराच्या बाजूला पडली; म्हणजे ताज रस्त्यात गेला. बादशहा मोजणीच्या साहेबावर कडाडले, "हात लावायचा नाही. मी पाडतो. तुम्हाला धड पाडताही यायचं नाही!" तीन दिवस छिन्नी-हातोडा चालला. चौथ्या दिवशी दारात नुसती माती. काकूंनी चहा पुढे केला आणि विचारलं, "आता दारात काही नाही. निघायचं?"

बादशहांनी चहा संपवला आणि माळ्यावरची बॅग खाली काढली.

आग्र्याचं काकूंनीच सांगितलं. चारही मिनार मोजून झाल्यावर हे असे गप्प झाले, की गाइडने दोनदा तब्येत विचारली. आत गर्दी होती, चपला काढायच्या होत्या, काकूंचे गुडघे कुरकुरत होते. बादशहांनी खाली वाकून त्यांच्या चपला काढल्या. "तू बघून ये निवांत. उशीर केला मी," म्हणाले, आणि तिथेच कठड्यापाशी बसले. काकू तासाभराने बाहेर आल्या तरी तसेच बसलेले. काकूंनी मोबाइलवर फोटो काढला.

गेल्या वर्षी बादशहा गेले. हार घालायला काकूंनी तोच फोटो मोठा करून आणला: टोपी तिरकी, चेहरा रागीट, मांडीवर बायकोच्या चपला. नणंद दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, जरा बरा फोटो नव्हता का?"

काकू म्हणाल्या, "ह्याहून बरे ते कधी दिसलेच नाहीत."