थडग्यावरची सिगारेट

पान्सॉक कोरियातल्या एका गावात घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करायचा. पन्नाशी उलटली तरी म्हाताऱ्या बापाचा खोकला ऐकू आला की त्याच्या हातातली सिगारेट झटकन पाठीमागे जायची. वडिलांसमोर धूर सोडणारा मुलगा म्हणजे निर्लज्ज, एवढं तरी त्याला कळत होतं. लष्करात लागलेली सिगारेटची सवय अंगात चांगलीच मुरली. वडील फुप्फुसाच्या रोगाने गेले, तरी याची सुटली नाही. कितीदा सोडली, कितीदा धरली. दर वेळी एकाच झुरक्याने घात केला. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो पुढे धरला आणि म्हणाले, "तुम्हीही वडिलांच्याच वाटेला लागलात." तेव्हा मात्र गडी घाबरला आणि आरोग्य केंद्रात सिगारेट सोडवणाऱ्या सोनबाईंकडे गेला.

बाईंनी तलफ मारायला दंडावर चिकटवायच्या पट्ट्या दिल्या, श्वासातला धूर मोजायला दर आठवड्याला नळीत फुंकायला लावलं. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात चुसॉक, पितरांचा सण, जवळ आला. सणाआधी वडिलांच्या थडग्यावरचं गवत कापायचं, त्यावर सोजू ही दारू ओतायची आणि त्यांची आवडती सिगारेट पेटवून दगडावर ठेवायची. पेटवायची ती थोरल्या मुलाने, म्हणजे पान्सॉकनेच.

"झुरका न घेता पेटवता येते का हो?" त्याने बाईंना विचारलं.

बाईही गोंधळल्या. "असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तोंडाला लावू नका म्हणजे झालं."

सणाआधी तो आईला घेऊन थडग्यावर गेला, तेव्हा डोंगरउतारावर वारा सुटला होता. गवत कापून झालं, सोजू ओतून झाली, मायलेकांनी नमस्कारही केला. पान्सॉकने सिगारेट चिमटीत धरून लायटर लावला. टोक काळं पडलं आणि विझलं. पुन्हा लावला, पुन्हा विझलं. ज्या विषाने बाप नेला तेच त्याच्यापुढे वाढायचं? नाही वाढलं तर बाप रुसणार? आणि जन्मभर ज्यांच्यापासून लपवली, त्यांच्यासमोरच ती तोंडात धरायची? त्याचं डोकं चालेना. तोंडाला मात्र पाणी सुटलं होतं.

"ओढ की रे एक झुरका!" आई खेकसली. "बापाला वर्षातून एकदा मिळते, तीही अशी करपलेली?"

"आई, एक घेतला तर मी संपलो गं."

"मग आण इकडे."

आईने सिगारेट ओठांत धरली, हाताचा आडोसा केला आणि एका दमात पेटवली. ठसका नाही की काही नाही. धूर संथपणे नाकातून बाहेर आला. पान्सॉक बघतच राहिला.

"तू... कधीपासून?"

"शेवटी शेवटी त्यांच्याने पेटवणंही होईना. मीच पेटवून ओठांत द्यायची. डॉक्टर नको म्हणायचे आणि हे हात जोडायचे. काय करणार होते मी? मग ते गेले आणि ही मला चिकटली." तिने राख झटकली. "मीच मारलं का रे त्यांना?"

हो म्हणावं तर आई कोसळेल, नाही म्हणावं तर खोटं वाटेल. पान्सॉकला रागही आला, रडूही आलं. त्याने सिगारेट तिच्या हातातून घेतली. वास नाकात शिरला. दगडावर ठेवायला तो वाकला आणि मध्येच थांबला. मग ती ओल्या मातीत दाबून विझवली.

"बाबा, यंदा नुसती सोजू," तो मोठ्याने म्हणाला. "रागवा हवं तर." मग आईकडे वळला. "सोमवारी माझ्याबरोबर सोनबाईंकडे चल."

"या वयात? हसतील त्या मला."

"मला नाही हसल्या."

आई थडग्याकडे बघत राहिली. "त्यांना असं कुणी नेलं असतं, तर सोडली असती का रे त्यांनी?"

पान्सॉकने आईचा हात धरला आणि दोघं उतार उतरू लागली.