पेडल अजून मऊच

परवा विश्रामबागेतल्या गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलचा वास आला आणि मी थेट कडेगावच्या अंगणात, जुन्या जीपमध्ये नवी नवरी होऊन बसले. ह्यांनी जीपला डिस्क ब्रेक बसवले होते, पण ब्रेक ऑइलच्या नळीत हवेचे बुडबुडे अडकून पेडल मऊ पडलेलं. मी पेडल दाबायचं, ह्यांनी गाडीखाली झोपून हवा काढायची.

“दाब.”

“दाबलं.”

ओसरीवर सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांच्यासमोर एरवी आमचं बोलणंच व्हायचं नाही. थोड्या वेळानं पेडल चांगलं कडक झालं.

“आवं, अजून मऊच हाय,” मी म्हणाले.

दिवेलागणीपर्यंत आमचं दाब-दाबलं चाललं.

परवा गॅरेजमध्येच ह्यांना खरं सांगितलं. हे हसले. “बुडबुडे कवाच थांबले हुते. मला खालनं दिसत हुतं की.”