फिटरकाकांचं थांबणं

आमच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा बसवणारा माणूस बाबांच्या वेळेपासून एकच. सगळे त्यांना फिटरकाका म्हणतात. मी दुकान हातात घेतलं तेव्हा त्यांना मनातल्या मनात गोगलगाय म्हणायचे, आणि पुढे पुढे मनातल्या मनातही ठेवायचे नाही.

दुकान उघडायच्या पंधरा मिनिटं आधी ते हजर. पण येऊन लगेच कामाला लागतील तर शपथ. मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकायचा, स्टुलावर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि गप्प. मी एकदा विचारलं, "काका, काय करताय?" तर म्हणाले, "काही नाही." मला वाटलं बोलायचं टाळतायत. नंतर कळलं, ते खरंच काही करत नसत. रोज, न चुकता, दहा मिनिटं काही न करणं हे त्यांचं पहिलं काम होतं.

मग एक ट्रे पुढ्यात. एका ट्रेमध्ये एकाच गिऱ्हाइकाची फ्रेम, दोन काचा आणि नंबराचा कागद. बाकीचे ट्रे पाठीमागच्या फळीवर, म्हणजे मान वळवल्याशिवाय दिसणार नाहीत असे. "दिसले की हात पळायला लागतात," हे त्यांचं कारण. उजव्या काचेवर मार्करने बारीक ठिपका द्यायचा आणि ओठातल्या ओठात "उजवी" म्हणायचं. चष्मा तयार झाला की नंबर मोजायच्या यंत्राखाली पुन्हा धरायचा. यंत्राने एकदा सांगितलेलं पुन्हा कशाला विचारायचं, हे मला कधी पटलं नाही. चार चष्मे झाले की उठून मागच्या दारात उभे. तिथून लांबवर पाण्याची उंच टाकी दिसते. तिच्याकडे मिनिटभर बघायचं. दिवसभर वीतभर अंतरावर बघणाऱ्या डोळ्यांना लांबचंही दाखवावं लागतं, म्हणे. डबा खाताना फक्त डबा. मी समोर उभी राहून ऑर्डर सांगायला लागले की हाताने थांबवत, घास संपवत आणि मग म्हणत, "हं, सांगा ताई."

माझं सगळं उलटं. मी कॅल्क्युलेटर दाबता दाबता जेवायचे, फोन खांद्यात धरून फ्रेमा दाखवायचे आणि घरी नवऱ्यावर ओरडत ओरडत दुसऱ्या दिवसाची यादी करायचे. वर्षभरात छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठणठणीत निघालं. म्हणाले, "जरा दमाने घ्या. दिवसातून चार वेळा थांबा, खोल श्वास घ्या, एका वेळी एकच काम करा." मी फी देऊन हे ऐकून आले आणि मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. ते दर दोन तासांनी टिंग करायचं आणि 'श्वास घ्या' असं सांगायचं. मी ते बंद करून पुढचं गिऱ्हाईक घ्यायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं. कळसा मागच्या खोलीत स्टुलावर बसला होता.

शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडा आमच्याकडे भयंकर असतो. त्यात मी बाहेर नवा बोर्ड लावला होता, 'चष्मा एका तासात'. काकांनी तो वाचला, दोनदा वाचला आणि आत गेले. त्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं काउंटरवर चढत होती, आया घड्याळ बघत होत्या. मी मागे गेले तर काका टाकीकडे बघत उभे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, टाकी कुठे पळून जात नाहीये. गिऱ्हाइकं जातायत."

"आलोच," ते म्हणाले. "ताई, बाहेर तुम्ही कितीही घाई करा. आत मात्र उजवी-डावी दोनदा बघू द्या."

मी फळीवरचे पाच ट्रे उचलले, काउंटरच्या कोपऱ्यात बसले आणि स्वतः काचा बसवल्या. हे काम मला येतं, बाबांनी लहानपणीच शिकवलं होतं. पाच चष्मे चाळीस मिनिटांत. शेवटचा पेटीत घालताना मी काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा, होतं की नाही?"

त्या पाचांत एक गोल फ्रेम होती. गोल फ्रेमची मोठी गंमत असते. बाकी आकारांत उजवी काच डावीकडे जातच नाही, कोपरा आडवा येतो. गोल फ्रेम मात्र बिनतक्रार दोन्ही घेते.

ती फ्रेम काजवाल्या मावशींची होती. तीन शिंप्यांच्या दुकानांसाठी त्या हाताने बटणांची काजं करायच्या. मशीनची काजं ज्यांना चालत नाहीत अशा कोटांची आणि भारी शर्टांची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे दोन डोळ्यांच्या नंबरांत चांगलाच फरक होता.

दहा-बारा दिवसांनी त्या आल्या. काका तेव्हा मागे डबा खात होते. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "टाका एक घालते, दिसतात दोन. डोकंही जड होतं. माझंच काही चुकतंय का बघता?"

चष्मा हातात घेऊन आत जायला मला दहा पावलं होती. मी गेले नाही. माझ्या समोर तीन माणसं होती, फोन वाजत होता. मी म्हणाले, "नवा नंबर आहे मावशी, सवय होईल. पंधरा दिवस द्या त्याला." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला त्यांना वाटेला लावायचं होतं, म्हणून पुढे म्हणाले, "आणि आता वय झालं ना. बारीक काम जरा कमीच करायचं."

त्यांनी मान हलवली, मास्तरांनी फटकारलेल्या पोरीसारखी. चष्मा पेटीत ठेवला, पेटी पिशवीत ठेवली आणि गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही कान गरम होतात.

दोन महिन्यांनी त्यांची सून तो चष्मा घेऊन आली. नाकावरची गादी तुटली होती, पाच मिनिटांचं काम. पण काका कुठल्याही कामाआधी नंबर मोजतात. मी चिडायचे त्या सवयीवर. आतून हाक आली, "ताई, जरा येता का?"

काचा उलट्या होत्या. उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. मला नंबराचा कागद बघायचीही गरज पडली नाही. मला ती गोल फ्रेम आठवली, तो शनिवार आठवला, 'बघा, होतं की नाही' आठवलं.

बाहेर येऊन मी सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सासूबाईंचं काम कसं चाललंय?"

"कसलं काम? सोडलं त्यांनी. डोळे गेले म्हणतात. शिंप्यांना स्वतः जाऊन सांगून आल्या, माझी काजं आता वाकडी होतात, दुसरी बघा. सुयांचा डबासुद्धा शेजारच्या मुलीला देऊन टाकला. दिवसभर खिडकीशी बसून असतात."

काका माझ्या मागे दारात उभे होते. हातात चष्मा आणि पुसायचं फडकं. आणि मी म्हणाले, "अगं, आमच्या फिटरकडून काचांची अदलाबदल झालेली दिसते. त्यांचंही वय झालंय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझ्या तोंडून त्या इतक्या सहज निघाल्या की मलाच नवल वाटलं. सून काकांना वाट्टेल ते बोलली. दोन महिने एका बाईला आंधळी करून बसवलंत, तुमच्यासारख्यांनी घरी बसावं, असलं बरंच. काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "दहा मिनिटं बसा. आत्ता नीट करून देतो." आणि दिला. ठिपका, उजवी, यंत्र, सगळं तस्सं.

त्या दिवसापासून मी मागच्या खोलीत जायचं टाळू लागले. ट्रे दारातूनच सरकवायचे. काका पूर्वीसारखेच, "हं, सांगा ताई." ते एकदा तरी तोडून बोलले असते तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. धडधड वाढली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मी अ‍ॅपसुद्धा मनापासून ऐकायला लागले. टिंग झालं की डोळे मिटायचे, श्वास घ्यायचे. पण डोळे मिटले की दारातले काका दिसायचे, हातात फडकं घेतलेले. मी डोळे उघडायचे.

मग एक शिंपी स्वतःचा चष्मा करायला आला. म्हणाला, "तुमचे काका फार चिवट हो. पंधरा दिवस रोज संध्याकाळी यायचे. एक कापडाचा तुकडा दाखवायचे, त्यावर त्या मावशींनी केलेली नवी काजं. म्हणायचे, बघा, हात तोच आहे, चूक आमच्या चष्म्याची होती. शेवटी म्हटलं, नेऊ दे बाबा त्यांना काम."

मला वाटायचं काका दुकान बंद झालं की रमतगमत लांबच्या रस्त्याने घरी जातात. आयुष्यात कशाची घाई नाही, यांचं बरं आहे, असं मी नवऱ्याजवळ बोलूनही दाखवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मावशी आल्या. त्याच गोल चष्म्यात. काकांना बाहेर बोलवा म्हणाल्या. दुकानात चार-पाच माणसं होती. सगळ्यांसमोर त्या काकांना म्हणाल्या, "माझी सून तुम्हाला लागेल असं बोलली, तिच्या वतीने माफ करा. चूक कुणाकडूनही होते. तुम्ही ती निस्तरलीत, तेवढं कोण करतं?"

काका नुसते हसले. आत जायला वळलेसुद्धा. मी गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि कुणालाही कधीही कळलं नसतं. मी बिलाचं पुस्तक मिटलं.

"मावशी," मी म्हणाले, "तो चष्मा मी बसवला होता. काकांनी नाही. त्यांना मी फुकट बोल लावला."

मावशी रागवल्या असत्या तर मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं. त्या म्हणाल्या, "चष्म्याचं जाऊ दे बाई. पण तू वयाचं म्हणालीस ना, ते मी खरं धरलं. तीन दुकानांतलं एकच परत मिळालं. बाकीच्यांनी दुसऱ्या ठेवल्या. आता त्यांच्या पोटावर कसा पाय देऊ?"

मी "चुकलं" एवढंच म्हणू शकले. त्यांनी पिशवी उचलली, काकांना नमस्कार केला आणि गेल्या.

मी काकांच्या मागोमाग आत गेले. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. फ्रेमच्या स्क्रूची खाच ओरबाडलेली होती. माझ्या हातून ती तशी होत नाही. घाईत पेचकस घसरला की होते."

"मग त्या सुनेसमोर बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

"पाच आठवडे?"

"मला काय, थांबायची सवय आहे," काका म्हणाले. त्यांनी पुढचा ट्रे ओढून घेतला. "तुम्हाला नाही. रोज छातीवर हात ठेवून गोळी घेताना दिसायच्या. वाटायचं, हिने आज सांगितलं तर बरं होईल. हिचंच ओझं उतरेल."

बाहेरून गिऱ्हाईक हाका मारत होतं. मला तोंड दाखवता येईना. मी दाराला टेकून तशीच उभी राहिले, आणि काका ठिपका दिलेली काच न बसवता हातात धरून थांबले, मी सावरेपर्यंत.