दुभाष्याची बाग

नीळकंठला गुरुवारी सुट्टी असे. मूल लहान असताना बापाने आठवड्यातला एक दिवस घरी राहायचं, ही इथली, नेदरलँड्समधली रीत. तिला 'पापादाख' म्हणतात. मुलगी ईशानी अकरा वर्षांची झाली, तरी त्याने कामाचे दिवस चारच ठेवले होते. तिला शाळेत सोडलं की तो रायस्वाइकहून सायकलने हेगच्या अर्काइव्हमध्ये जाई आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाची पत्रं वाचत बसे.

तो माणूस कॉर्नेलिस फान आल्स्ट. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा कमांडर. डेल्फ्टच्या एका विधवेचा मुलगा. सोळाव्या वर्षी जहाजावर चढला. सिलोनच्या एका वेढ्यात दोन बोटं गेली, पण किल्ला हाती आला. मग सहा वर्षं वेंगुर्लं. पुढे पुन्हा सिलोन, एका प्रांताचा कारभार. तिथे त्याने कालवे खणले, शाळा काढली आणि तिथेच तो तापाने गेला.

नीळकंठचा पेशा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. इतिहासाशी त्याचा संबंध एवढाच, की घराण्याच्या कुलवृत्तांतात पहिल्याच पानावर हा कमांडर बसला होता. 'मूळपुरुष नारोबा हे डच वखारीचे दुभाषी. दुष्काळात त्यांनी अनाथ बालकांस आश्रय मिळवून दिला. सबब कमांडरसाहेबांनी प्रसन्न होऊन त्यांस बाग दिली.' त्या बागेवर घराणं वाढलं.

पुण्याचे शिरीषकाका एक्याऐंशीव्या वर्षी वृत्तांताची नवी आवृत्ती काढत होते. नीळकंठचे वडील लवकर गेले. त्याला इंजिनीअर केला तो या काकांनी. "तिकडे बसलाच आहेस, तर मूळ कागद बघून एक प्रकरण लिही की," ते म्हणाले होते. त्यासाठी हा जुनं डच हस्ताक्षर वाचायला शिकला. दोन वर्षं गेली. टेस्टरचा चिवटपणा कामी आला.

मार्चमधल्या एका गुरुवारी त्याला ते पत्र सापडलं. कमांडरने बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, वरिष्ठांना लिहिलेलं.

'दुष्काळ अजून आहे. दुभाषी नारोबा याने आणखी एकतीस मुले आणली. सर्वांत लहान चार वर्षांचे असावे. इतरांनी आणलेली मुले जहाजावर चढताना फार रडतात. याची रडत नाहीत. हा त्यांना त्यांच्या भाषेत सांगतो, की जहाजावर भात आहे. गुलाम म्हणून ती चांगली ठरतील. माणूस उपयोगी आहे. त्याला बाग द्यावी, असे सुचवतो.'

नीळकंठने ते तीनदा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, काही चांगलं मिळालं का? तो "हो" म्हणाला.

"काकांना आता नको पाठवूस," घरी त्याची बायको मंजूषा म्हणाली. "ऐंशी उलटलेत."

"मग कधी पाठवू?"

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. त्याने भाषांतर पाठवलं.

शनिवारी काकांचा फोन आला. नीळकंठने तो स्पीकरवर टाकला.

"वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अरे, तो गोरा असंच लिहिणार! आपलं पाप दुभाष्याच्या माथी मारायचं."

"माथी कुठे मारलंय, काका? तो शाबासकी देतोय."

"बाग मिळाली ना? मग वृत्तांत खोटा नाही."

"आश्रय खोटा आहे."

"नीळू, हा कुलवृत्तांत आहे, कोर्ट नव्हे. मुंजीत, लग्नांत वाटायचं पुस्तक. तुझं प्रकरण मी गाळतो. पहिलं पान आहे तसं राहील."

नीळकंठ म्हणाला, "तसंच राहणार असेल, तर माझी नोंद काढा."

"काय बरळतोयस?"

"त्या पानामागे माझं नाव नको."

"आणि ईशानीचं?" काकांचा आवाज चढला. "मुलींची नावं यावीत म्हणून चार थेरड्यांशी वर्षभर भांडलो मी. पहिल्यांदा पोरी येतायत पुस्तकात. आणि तू खोडणार? स्वतःची?"

ईशानी जिन्यात बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळे, बोलायची मात्र डच. तिने काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय ती?" काका म्हणाले.

"विचारतेय, त्या मुलांची नावं काय होती."

"मग सांग तिला."

"कमांडरने लिहिलेली नाहीत."

ईशानी पुन्हा बोलली. या वेळी नीळकंठला मराठीत सांगायला वेळ लागला.

"म्हणतेय, नारोबांना माहीत असतील. ते बोलायचे ना त्यांच्याशी."

पलीकडून फोन बंद झाला.

नऊ दिवसांनी प्रूफ आलं. पहिलं पान जसंच्या तसं होतं. नीळकंठने आपल्या शाखेचं पान उघडलं. आजोबा, त्यांच्याखाली वडील, जन्ममृत्यूच्या तारखा, बँकेतली नोकरी. वडिलांच्या खाली एकच ओळ: 'पुढील माहिती उपलब्ध नाही.'

सोबत काकांचा निरोप होता. तपासून कळव. उद्या छापायला जातंय.

"अजून वेळ आहे," मंजूषा म्हणाली. "फोन कर त्यांना."

त्याने केला. काकांनी उचलला नाही. पुन्हा केला. मग त्याने निरोप लिहिला, 'तपासलं. छापा.' तो पाठवायला त्याला संध्याकाळ झाली.