ओपलचं चुकलेलं घर

शेजारच्या ओपल ट्रॅमेलकडे रविवारी जेवायला गेलं की तिची मुलगी केलीन पिवळे रबरी हातमोजे घालून टेबलाशी बसलेली असायची. भांडी घासायचे असतात ना, कोपरापर्यंतचे, तसले. त्याच हातांनी ती चिकन खायची, पाव मोडायची, मला बटाट्याचं भांडं पुढे करायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पोरीला खरूजबिरूज झाली असावी. मी माझी खुर्ची हळूच लांब ओढली.

"खरूज नाही हो, मिस्टर आर्लिस," केलीन म्हणाली. "ममाचा हुकूम आहे."

"तिच्या नखांत रंग असतो," ओपल म्हणाली. "तो मला दिसला की संपलं. मग तो अंदाज राहत नाही, चोरी होते."

मी जन्मभर टपाल वाटलं. लोकांची पाकिटं हाताळली, पण आत काय आहे याची उठाठेव कधी केली नाही. ओपलचं नेमकं उलट. पाकीट न फोडता आतलं वाचायचं, हाच तिचा ध्यास. आणि पाकीट म्हणजे आमच्या ऑरलँडोतलं ते करमणुकीचं पार्क. हॅलोविन हा भुतांचा सण जवळ आला की तिथे भुतांची दहा घरं उभी राहतात. लोक पैसे मोजून रांगा लावतात, आत जाऊन किंचाळतात आणि बाहेर येऊन पुन्हा रांगेत उभे राहतात. कोणती दहा घरं, कुठे उभी राहणार, हे पार्क ऑगस्ट उजाडेपर्यंत गुपित ठेवतं. आणि फेब्रुवारीपासून जगभरचे रिकामटेकडे ते ओळखत बसतात. रिकामटेकडे हा माझा शब्द. ओपल त्यांना "जाणकार" म्हणते.

या जाणकारांत ओपलचा नकाशा म्हणजे शेवटचा शब्द. दरवर्षी मे महिन्यात ती तो इंटरनेटवर टाकायची, खाली नाव "बस ड्रायव्हर" एवढंच. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. मागच्या बाकावरचं कोणतं पोर आता उलटी करणार, हे ती आरशात बघून सांगायची. तीच नजर तिने पार्ककडे वळवली. काउंटीच्या कचेरीत बांधकामाचे कोणते परवाने निघाले ते वाचायचं, नोकरीच्या जाहिराती वाचायच्या, आणि आठवड्यातून दोनदा पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन बसायचं. प्लायवूड किती आलं, कोणत्या शेडमध्ये गेलं, सगळं वहीत, तारीख आणि वेळ घालून. गाडी माझी आणि पेट्रोलही माझंच. मी का जात होतो ते विचारू नका. ती मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा आणायची आणि त्या मला आवडतात.

एवढा नाद असलेली ही बाई त्या घरांत एकदाही गेलेली नव्हती.

कारण साधं होतं. तिला अंधाराची भीती वाटते. केलीन पहिल्यांदा तिथे भूत म्हणून लागली त्या वर्षी ओपलने तिकीट काढलं, घराच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"अगं, दारातल्या भुताचा सुरा रबराचा होता," मी म्हटलं होतं.

"सुरा रबराचा असेल. अंधार खरा होता."

केलीन आत काय करते ते कळायला तिला दुसरा रस्ता नव्हता. कामाचं बाहेर बोलणार नाही असं पार्क लिहून घेतं, आणि केलीन शब्दाची पक्की. मग आईने बाहेरूनच ओळखायला सुरुवात केली, माझी पोरगी यंदा कुठल्या भिंतीआड उभी असेल म्हणून. त्यातून हा नकाशा निघाला. सहा हंगाम केलीन भूत होती, दर नोव्हेंबरला घरी बसायची. गेल्या वर्षी तिला पार्कच्या रंगशाळेत, म्हणजे या घरांच्या भिंती रंगवतात तिथे, कायमची नोकरी लागली. पगार, विमा, सगळं. त्या दिवशी ओपल माझ्या पायरीवर बसून रडली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तिने रबरी हातमोजे आणले.

यंदा ऑगस्टमध्ये पार्कने नावं जाहीर केली आणि ओपलची दहांपैकी नऊ घरं बरोबर निघाली. जागासुद्धा. सातवं तेवढं चुकलं. तिथे तिने लिहिलं होतं, "बर्फाचा कारखाना." निघाली कोळशाची खाण.

पांढऱ्याचं पार काळं झालं. जाणकारांनी तिला सोलून काढलं. कोणी बर्फाच्या खड्यांचे फोटो पाठवले, कोणी विचारलं, "बाई, चष्मा कधी बदलताय?" ओपलने चार दिवस पडदे उघडले नाहीत.

"नऊ बरोबर आली ना?" मी दारातून ओरडलो.

"नऊ कोणालाही येतात!" आतून आवाज आला. "रूळ नेताना पाहिले होते मी, आर्लिस! पांढऱ्याशुभ्र भिंती पाहिल्या होत्या! बर्फाच्या लाद्या रुळांवरून ढकलतात. मग बर्फ नाही तर काय?"

हे दुखणं परवडलं असतं. पाचव्या दिवशी खरं दुखणं आलं. ब्रायर नावाचा एक दाढीवाला आहे, व्हिडिओ करतो. त्याचा स्वतःचा नकाशा दहांत चारवर आपटला होता. त्याने कुठूनसा शोध लावला की "बस ड्रायव्हर" म्हणजे ओपल ट्रॅमेल आणि तिची पोरगी पार्कच्या रंगशाळेत आहे. झालं. "अंदाज कसला? घरात घरभेदी बसलाय!" असं तो दाढी खाजवत बोलला आणि दोन दिवसांत ते लाखभर लोकांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी केलीनला पार्कच्या कचेरीतून निरोप आला. गुरुवारी दुपारी एक वाजता हजर राहावं.

गुपित फोडल्याचं ठरलं तर नोकरी जाते. आणि आमच्याकडे एका पार्कने त्या कारणावरून काढलेल्याला दुसरं पार्क झाडू मारायलाही ठेवत नाही.

"मी नकाशा काढून टाकते," ओपल म्हणाली.

"मग तर चोरच म्हणतील," केलीन म्हणाली. ती हातमोजे घालूनच बसली होती, सवयीने. "ममा, तू शांत बस."

"मी येऊन सांगते त्यांना. हातमोज्यांचं सांगते. आर्लिस साक्षीला आहे."

"काय सांगशील? माझी मुलगी हातमोजे घालून जेवते? कोण विश्वास ठेवेल?"

माझा स्वतःचाच विश्वास बसायला महिना गेला होता.

शेवटी ओपलने अकराच्या अकरा वह्या खोक्यात भरल्या आणि केलीनच्या हातात दिल्या. गुरुवारी आम्ही दोघं पार्किंगच्या गच्चीवर जाऊन बसलो, नेहमीच्या जागी. दुर्बीण तिने आणलीच नव्हती. शेंगांची पिशवी आमच्या मधे तशीच पडून होती. एक वाजला, दीड वाजला. पश्चिमेकडे रोजच्यासारखे ढग चढत होते.

"एकतीस वर्षं," ओपल म्हणाली. "एकतीस वर्षं लोकांची पोरं नेली-आणली. एकाला खरचटू दिलं नाही. आणि स्वतःच्या पोरीवर गाडी घातली."

"अजून काही झालेलं नाही."

"तू टपालवाला आहेस, आर्लिस. वाईट पत्र हातात धरलं की कळत नाही का?"

"नाही कळत," मी म्हटलं. "वजन सारखंच असतं."

ती माझ्याकडे रागाने बघत राहिली. मग तिने माझा हात धरला आणि मी तो सोडवला नाही. खरं सांगतो, मलाही भीती वाटत होती. त्या हातमोज्यांचं कारण कळलं तेव्हा मी खूप हसलो होतो. आता वाटत होतं, या बाईइतकं सरळ माणूस आपण दुसरं पाहिलं नाही, आणि हिच्या सरळपणाचा पुरावा काय, तर भांडी घासायचे हातमोजे.

सव्वादोनला केलीन जिन्यातून वर आली. खोकं तिच्या काखेत होतं आणि तोंडावर रडू होतं की हसू ते लांबून कळेना. ओपल उभी राहिली.

"राहिली," केलीन म्हणाली. "ममा, नोकरी राहिली."

ओपल खाली बसली ती सिमेंटवरच. मी तिला उठवायला गेलो तर म्हणाली, "असू दे. इथेच बरं आहे."

मग केलीनने सगळं सांगितलं. कचेरीतल्या बाईने वह्या चाळल्या आणि बाजूला सारल्या. म्हणाली, तारखा काय, मागाहूनही घालता येतात. तिथे तिचा मुकादम नेल्सन किन्योनेस बसला होता, पोर्तो रिकोचा म्हातारा, रंगात आयुष्य गेलेला. तो म्हणाला, "तो मे महिन्यातला नकाशा दाखवा बघू. तो तर जगाने पाहिलाय, त्याची तारीख कोण बदलणार?" नकाशा आला. त्याने बोट ठेवून एकेक घर वाचलं. सातव्यावर थांबला.

"हे काय लिहिलंय?"

"बर्फाचा कारखाना," केलीन म्हणाली.

"आणि होतं काय?"

"कोळशाची खाण."

म्हातारा हसायला लागला तो थांबेना. "बाईसाहेब," तो कचेरीतल्या बाईला म्हणाला, "ही पोरगी मार्चपासून एकाच घरावर आहे. कोणत्या, ते हजेरीवर बघा. खाणीवर! त्या खाणीची एकेक फळी हिच्या हाताखालून गेलीय. बाकीच्या नऊ घरांच्या दारातसुद्धा मी हिला जाऊ दिलेलं नाही. हिला जे एकच घर माहीत होतं, तेच हिच्या आईचं चुकलंय. आणि जी नऊ हिने पाहिलीच नाहीत, ती बरोबर आलीत. घरभेदी असा असतो होय?"

त्या बाईने हजेरी मागवली, पाहिली आणि वह्या केलीनकडे परत सरकवल्या. म्हणाली, "तुमच्या आईला सांगा, आमच्या पहारेकऱ्यांना काही दिवस शिकवायला या."

"पण भिंती पांढऱ्या होत्या," ओपल खालूनच म्हणाली. "एप्रिलमध्ये, एका शेडमधून दुसरीत नेताना. मी डोळ्यांनी पाहिल्या."

"प्रायमर होता तो, ममा. पहिला हात. मीच मारला होता. त्यावर मग काळा चढवला."

"पहिला हात," ओपल म्हणाली. "एकतीस वर्षं पिवळी बस चालवली. पिवळ्याच्या खाली काय असतं, कधी मनातसुद्धा आलं नाही."

मला हसू आवरेना. केलीनही हसली. ओपलचा मात्र चेहरा उतरला.

"पूर्ण जुलै मी देवाकडे मागत होते," ती म्हणाली. "यंदा दहाच्या दहा येऊ देत म्हणून."

दहाच्या दहा आली असती तर काय झालं असतं, हे सांगायची गरज नव्हती. मग ओपलने शेंगांची पिशवी ओढली, एक फोडली, केलीनच्या तोंडात घातली, आणि एक चक्क फोडून मला दिली. अशी मोकळी हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पाऊस आला तेव्हा आम्ही तिथेच भिजत बसलो होतो आणि मी पहिल्यांदा त्याला शिव्या दिल्या नाहीत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कामगारांच्या घरच्यांना दुपारी, सगळे दिवे लावून घरं दाखवतात. केलीनने दोन नावं दिली, आईचं आणि माझं.

"दिवे लागलेले असतील ना?" ओपलने गाडीत तीनदा विचारलं. दारात आल्यावर तिने माझा शर्ट मागून मुठीत धरला. केलीन पुढे होती, उघड्या हातांनी. नखं काळीभोर.

"ममा, आता बघितलंस तरी चालतं."

ओपलने तिचा हात हातात घेतला आणि एकेक नख नीट पाहून घेतलं. दिवे होते तरी खाण काळीच होती. भिंती ओल्या कोळशासारख्या चमकत होत्या आणि एका भेगेतून पाणी झिरपतंय असं वाटून मी बोट लावलं तर रंग निघाला, कोरडा. आत भुतं नव्हती, ती संध्याकाळी येतात. तरी ओपल अर्ध्या वाटेपर्यंत माझा शर्ट सोडेना. मग हळूहळू तिने तो सोडला आणि ती भिंतीजवळून चालू लागली. थांबायची, पुढे जायची, पुन्हा थांबायची.

"हे सगळं तू केलंस?" तिने विचारलं.

"सगळं."

शेवटच्या वळणावर रुळांवरची कोळशाची गाडी कोणीतरी भिंतीला घासली होती. कोपऱ्यावर वीतभर ओरखडा उमटला होता, आणि काळ्याच्या मधे तो स्वच्छ पांढरा दिसत होता. ओपल वाकली. तिने त्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बघ आर्लिस," ती म्हणाली. "पांढरंच होतं."

केलीनने खिशातून काळ्या रंगाची छोटी बाटली आणि ब्रश काढला. असले ओरखडे बुजवणं हे तिचं कामच.

"राहू दे गं तेवढं," ओपल म्हणाली. "अंधारात कोणाला दिसतंय?"

केलीनने आईकडे पाहिलं आणि बाटली पुन्हा खिशात टाकली.