तिने सोडलेला बॉल

माझी मुलगी ब्रेडा या डच शहरात कॉलेजात होती तोवर कॉलेजच्या मुलींच्या संघात फुटबॉल खेळली. पुढच्या फळीत खेळायची. गोल करणं हेच जिचं काम, अशी ती जागा. तरी कॉलेजसाठी खेळलेल्या सगळ्या मॅचेस मिळून तिचे गोल शून्य. हे मी तिला कमी लेखायला सांगत नाही. ती जोरात पळायची, जागा बरोबर पकडायची, तिच्या पासवर इतरांनी गोल केले. पण आकडा शून्यच होता आणि तो तिला बोचत होता.

शेवटच्या मॅचच्या आधी तिचा फोन आला. एरवी मी मराठीत विचारतो आणि ती डचमध्ये किंवा इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी ती आपण होऊन मराठीत म्हणाली, "बाबा, शनिवारी येशील? शेवटची मॅच आहे."

"येतो की."

"एक तरी गोल मारायचाय मला. नाहीतर काय सांगू लोकांना, इतकी वर्षं नुसती पळाले?"

आम्ही राहतो त्या आल्मेरेहून ब्रेडा म्हणजे गाडी बदलून जाऊन-येऊन दिवस मोडतो. बायकोची शनिवारची ड्यूटी होती, म्हणून एकटाच निघालो. तिने डब्यात थालीपीठं दिली आणि मॅच संपल्याशिवाय द्यायची नाहीत, पोट जड होतं, असं बजावलं. मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे पेठेपेठेचे संघ आहेत आणि ऑफसाइडच्या एका निर्णयावरून सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे फुटबॉल बघायचा म्हटलं की मला प्रवास लांब वाटत नाही.

मैदानावर पोचलो तर वेगळाच घोळ चालू होता. इथल्या हौशी मॅचला पंच एकच असतो. कडेच्या रेषेवर झेंडा धरायला दोन्ही संघांनी आपापला एकेक माणूस द्यायचा. तो बहुधा कुणाचा तरी बाप असतो. आपल्या संघाचा गोल ज्या अर्ध्या भागात, त्या भागात तो उभा राहतो आणि समोरची खेळाडू ऑफसाइड असली की झेंडा वर करतो. थोडक्यात, आपल्या लेकीच्या संघाला वाचवायची सोय प्रत्येकाच्या हातातच दिलेली असते. हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून झेंडा वर गेला की समोरचे लोक आधी हसतात आणि मग पंचाकडे बघतात.

त्या दिवशी पाहुण्या संघाची एक गाडी वाटेत बंद पडली होती. मुली कशाबशा अकरा पोचल्या होत्या, पण त्यांचा झेंडेवाला त्या बंद गाडीत होता. त्यांच्या प्रशिक्षक बाई, उंच, रेनकोट घातलेल्या, प्रेक्षकांत माणूस शोधत होत्या. प्रेक्षक म्हणजे आमच्या खेळाडूंचे दोन मित्र, एक कुत्रा फिरवणाऱ्या आजी आणि मी. मित्रांच्या हातात सकाळीच बिअर होती. बाई माझ्याकडे आल्या.

"माझी मुलगी समोरच्या संघात आहे," मी सांगून टाकलं. "तुमच्यासाठी झेंडा धरायचा म्हणजे तिच्याच विरुद्ध धरायचा."

त्या विचारात पडल्या. तेवढ्यात माझी मुलगी बुटाची नाडी बांधता बांधता ओरडली, "बाबालाच घ्या. हा घरी पत्त्यांतसुद्धा सोडत नाही."

दोन्हीकडच्या मुली हसल्या. बाईंनी नाइलाजाने झेंडा माझ्या हातात दिला.

झेंडा धरणाऱ्याला मॅच दिसत नाही, हे ज्यांनी तो धरलेला नाही त्यांना खरं वाटत नाही. बॉलकडे बघायचंच नसतं. बचाव करणाऱ्या संघाची सगळ्यात मागची मुलगी जिथे असेल, तिच्या रेषेत आपण कडेने सरकत राहायचं आणि नजर त्या रेषेवर ठेवायची. पास दिला गेला हे कानाने ओळखायचं. बुटाचा आवाज आला, की त्या क्षणी रेषेच्या पुढे कोण आहे ते पाहायचं; जी पुढे, ती ऑफसाइड. ज्यांना मॅच बघायला आवडते त्यांनी हे काम घेऊ नये.

पहिल्या हाफमध्ये मी माझ्या मुलीविरुद्ध दोनदा झेंडा वर केला. दुसऱ्या वेळी ती गोलकीपरसमोर एकटी होती. शिट्टी वाजली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मागे पळाली. बिअरवाल्या मित्रांपैकी एकजण म्हणाला, "साहेब, आज घरी जेवण नाही मिळायचं."

"डबा घेऊन आलोय," मी म्हटलं.

दुसऱ्या हाफमध्ये संघांनी बाजू बदलल्या, तसा मीही पाहुण्यांच्या बचावामागोमाग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. वारा समोरून होता. स्कोअर एक-एक. मॅच संपायला आली होती आणि दोन्हीकडच्या मुली दमल्या होत्या. दमल्या की पाहुण्यांची शेवटची बचावपटू सारखी पुढे सरकायची आणि रेषा हलत राहायची, म्हणून मी जास्तच लक्ष देत होतो.

मैदानाच्या मधून बुटाचा आवाज आला. त्या क्षणी माझी मुलगी त्या बचावपटूच्या पुढे होती. फार नाही, पण पुढे होती. बॉल जमिनीलगत, सरळ तिच्या उजव्या पायाकडे येत होता. तिच्यात आणि गोलमध्ये फक्त गोलकीपर.

इथे नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑफसाइडच्या जागी नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथून बॉल खेळला किंवा कुणाला अडवलं, की गुन्हा. म्हणून चांगला झेंडेवाला क्षणभर थांबतो. हौशी बाप थांबत नाहीत, आवाजाबरोबर झेंडा वर करतात. मी थांबलो. मनगट तयार होतं. तिचा पाय बॉलला लागला की झेंडा वर जाणार होता, आणि तिचा पाय लागणार याबद्दल मला काही शंका नव्हती. पुढच्या फळीतल्या कुठल्याही खेळाडूचा लागला असता. तिचा तर लागणारच होता.

तिने पाय पुढे केला नाही. दोन्ही हात अंगाशी घेतले आणि एक पाऊल बाजूला झाली. जिन्यावर समोरून कुणी येत असलं की आपण भिंतीकडे सरकतो, तितकं साधं. बॉल ती उभी होती तिथून पुढे गेला. पाहुण्यांच्या बचावपटू हात वर करून जागच्या जागी थांबल्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. गोलकीपर दोन पावलं पुढे येऊन थांबली, तीही माझ्याकडेच बघत होती. माझा झेंडा खाली होता. पलीकडच्या कडेने आमच्या संघाची एक मुलगी, जी पास दिला तेव्हा नक्की रेषेच्या मागे होती, त्या थांबलेल्या मुलींच्या मधून पळत आली. तिने बॉल घेतला आणि मारला.

जाळं हललं ते मला दिसलं नाही. मी अजून माझ्या मुलीकडे बघत होतो. ती गोलकडे पाठ करून उभी होती आणि तिचे हात अजून अंगाशी होते.

मग आरडाओरडा झाला. "झेंडा कुठाय?" "अहो, तिचा बाप आहे तो!" प्रशिक्षक बाई रेषेवरून तावातावाने चालत आल्या. पंच, पांढऱ्या मिशांचे, सावकाश बोलणारे, त्यांच्याही आधी माझ्यापाशी पोचले.

"जी पुढे उभी होती, ती ऑफसाइडला होती?" त्यांनी विचारलं.

"होती."

"तिने बॉलला स्पर्श केला?"

"नाही."

"गोलकीपरच्या नजरेच्या आड आली?"

"नाही. ती बाजूला झाली."

"आणि जिने गोल मारला ती?"

"मागे होती."

त्यांनी मान हलवली आणि मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल.

कोल्हापुरात मी मैदानाच्या भिंतीवर बसून पुष्कळ फुटबॉल पाहिला आहे. मैदानाच्या मधून मारलेला गोल पाहिला आहे. चिखलातून चौघांना चुकवून गेलेला माणूस पाहिला आहे, आणि त्याला पेठेने खांद्यावरून घरी नेलेलंही पाहिलं आहे. ते सगळं बघताना मी ओरडलो होतो. या वेळी मी झेंडा काखेत धरून माझ्या जागेवर परत गेलो. तिला एवढ्या वेळात काय काय कळायला हवं होतं ते मी नंतर कितीतरी वेळा जुळवून पाहिलं. बचावपटू तिच्या पाठीमागे होती, म्हणजे दिसत नव्हती. ती किती मागे आहे हे कळायला हवं होतं. दुसरी मुलगी पलीकडून येते आहे हे कळायला हवं होतं. आणि जो गोल तिला हवा होता, तो पायाशी आलेला असताना पाय आवरायचा होता. मी आकड्यांचा माणूस आहे, ऑफिसात दिवसभर तेच तपासतो. या बेरजेत प्रत्येक रक्कम बरोबर बसते, आणि तरी एवढ्याशा वेळात ती कुणाला करता येईल हे मला पटत नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं म्हणून मानतो.

उरलेल्या वेळात तिला आणखी एक संधी मिळाली. कडेवरून बॉल आला, तिने जोरात मारला आणि तो गोलच्या वरून कुंपणाच्या झुडपात गेला. ती स्वतःच जाऊन काढून घेऊन आली. मॅच दोन-एक अशी आम्ही जिंकलो. म्हणजे ते जिंकले, मी पाहुण्यांचा झेंडेवाला होतो.

क्लबच्या कँटीनमध्ये प्रशिक्षक बाई कॉफीचा कप घेऊन माझ्यापाशी आल्या.

"पुढच्या वेळी गाडी बंद पडली," त्या म्हणाल्या, "तर आमचा माणूस आम्ही सायकलवरून आणू."

"तेच बरं," मी म्हटलं.

"तसं तुमचं बरोबर होतं. पण मला आज राग येऊ द्या." कप माझ्यासमोर ठेवून त्या गेल्या.

मुलगी आंघोळ करून, ओल्या केसांनी, फ्रीतचा, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडींचा, मोठा कागदी द्रोण घेऊन आली. मी डबा उघडला. ती एका हाताने थालीपीठ आणि दुसऱ्या हाताने फ्रीत खात होती. गोल मारणारी मुलगी पलीकडच्या टेबलावर उभी राहून सगळ्यांना तो कसा मारला ते करून दाखवत होती.

"तुला कसं कळलं," मी विचारलं, "की तू पुढे आहेस?"

"कळलं नाही. वाटलं." मग ती डचमध्ये गेली. "त्यांचा माणूस झेंड्यावर असता तर मी मारला असता. त्याने काहीही झालं तरी झेंडा वर केलाच असता, मग सोडून काय उपयोग? आणि आमच्यापैकी दुसऱ्या कुणाचा बाबा असता, तरी मारला असता. त्याने केलाच नसता. तू होतास म्हणून सोडला."

बसचं वेळापत्रक सांगावं तशी ती हे बोलली. मी तिच्या द्रोणातला एक तुकडा उचलला. मेयोनीज जास्त होतं.

पलीकडच्या टेबलावरचे हसत होते. तिने एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मराठीत विचारलं, "बाबा, खरं सांग. मी ऑफसाइड होते ना?"

ती काय विचारते आहे ते मला समजलं. ती ऑफसाइड नसती, तर तिने आपला एकुलता एक गोल उगीच सोडला होता.

"होतीस," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. अर्धं पाऊल."

तिने श्वास सोडला आणि थालीपीठाचा पुढचा तुकडा तोडला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "कदाचित त्याहून थोडं कमीच. खांदा आणि गुडघा, एवढंच पुढे…"

"कमी नको करूस," ती म्हणाली. "अर्धंच राहू दे."

मी अर्धंच राहू दिलं.